मी गाळलेली ओळ

तुमच्या घरात डीडीटीची फवारणी झाली, त्यानंतर किती दिवसांनी तुम्ही भिंती सारवल्यात? उत्तराची घाई करू नका. भाद्रपदातल्या एका दुपारी अशाच भिंतींबद्दल एका बाईने मला विचारलं होतं, आणि मी घाईने उत्तर दिलं होतं.

माझं बालपण पत्रकांत गेलं. शिरूरच्या मिशन कंपाउंडात आमची दोन खोल्यांची जागा होती. वडील खांद्याला पिशवी लावून गावोगावच्या बाजारांना जात. पिशवीत प्रभूच्या वचनांची पत्रकं असत, तशी दारू सोडण्याची, नारूची आणि देवी टोचून घेण्याचीही असत. वढू बुद्रुकला समाधीच्या दर्शनाला माणसं जमली की ते रस्त्याच्या कडेला उभे राहून पत्रकं वाटत. उरलेल्या पत्रकांत आई चटणी बांधून देई. भाकरी खाताना मी तेलाच्या डागांतून अक्षरं लावत असे. चौथीत असतानाच माझी खात्री झाली होती की माणसं वाचत नाहीत म्हणून जगात एवढं दुःख आहे. कुणीतरी ठणकावून लिहिलं की झालं. ते कुणीतरी मी होणार होते.

मास्तरकीचं शिक्षण संपल्यावर मला वडगाव रासाईच्या शाळेत नेमलं. गाव शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. मिशनातल्या पोरीला जागा कोण देणार, अशी कुजबुज झाली. शेवटी धनगराच्या एका घराने ओसरीकडची खोली दिली. त्या घरातल्या आबांनी उभा जन्म मेंढरांमागे काढला होता. आता काठाला चार एकर रान करून ते एका जागी बसले होते. शेजाऱ्याने टोकलं तेव्हा ते म्हणाले, "म्या मेंढरांमागं बारा गावचं पानी प्यालोय. तवा कुनी मला ईहिरीची जात सांगितली न्हाई. आता कशाला इचारू?" विषय तिथेच संपला.

घरात आबा आणि त्यांची सून, दोघंच. मुलगा दौंडला रेल्वेच्या यार्डात कामाला होता. सुट्टीच्या दिवशी आगगाडीने आणि पुढे होडीने घरी येई. सून माझ्याच वयाची. मी तिला वहिनी म्हणे आणि ती मला बाई.

वहिनीला दिवस गेले होते. आदल्या वर्षीही गेले होते. दसरा झाल्यावर तिला थंडी भरून ताप यायला लागला, एक दिवसाआड, दुपार कलली की. अंगावर तीन घोंगड्या टाकल्या तरी दात वाजत. मग अंग फुफाट्यासारखं तापे, मग घाम सुटे, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कामाला लागे. सातव्या महिन्यात मूल मेलेलं जन्मलं. हे तिने मला एकदाच सांगितलं, शेण कालवता कालवता, मान वर न करता. शेवटी एवढंच म्हणाली, "या खेपंला तरी हाताला लागू दे."

तिला तेवढंच हवं होतं. मलाही ते हवं होतं, अगदी मनापासून. पण खरं सांगायचं तर मला आणखीही एक हवं होतं. हे मूल माझ्या शिकवण्यामुळे वाचलं, असं गावाने म्हणायला हवं होतं.

हिवताप त्या काठावर पाहुण्यासारखा येत नसे, घरच्यासारखा येई. भादवा-आश्विनात शाळेचे निम्मे पाट रिकामे असत. पोरांच्या पोटात डाव्या बाजूला पाणथरी, म्हणजे सुजलेली प्लीहा, हाताला लागे. बाया म्हणत, काकडी खाल्ली की हिव भरतं. म्हातारे म्हणत, नदीला नवं पाणी आलं की भरतं. कोयनेलची कडू गोळी मिळाली तर लोक घेत, आणि दोन दिवस ताप आला नाही की उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून देत. डासाचं नाव काढलं की हसत. एवढासा किडा तो काय करणार.

त्या वर्षी भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यात फवारणीची टोळी आली. खाकी कपड्यांतली पाच-सहा माणसं, पितळी पंप, बादल्या आणि पांढऱ्या पावडरीची पिंपं. गाव त्यांना पावडरवाले म्हणे. भांडीकुंडी, धान्य, अंथरुणं सगळं अंगणात काढायला लावत आणि भिंतींवर पांढरट पाणी मारत. आमच्या दारात पंप आला तेव्हा आबा खाटेवरून म्हणाले, "मेंढराला खरूज झाली की आमी त्याला औषधात बुडवतो. घराला बी खरूज झाली व्हय?"

पंपवाला हसला. "आबा, घराला न्हाई, तुम्हाला होऊ ने म्हून."

"मंग मलाच बुडव की. घर कशाला नासवतो?"

पण त्यांनी मारू दिलं. वहिनीने पदर नाकाला लावून देव सुपात घेतले आणि देवाची भिंतसुद्धा मोकळी करून दिली. इतर घरांनी ती भिंत वगळायला लावली होती. वहिनीने नाही. तिला ते मूल हवं होतं.

टोळीच्या सुपरवायझरने चावडीवर माणसांना माहिती सांगितली. बाया तिथे नव्हत्याच, चावडीवर त्या जात नसत. त्याने एक छापील कागद मला दिला आणि म्हणाला, "तुम्ही शाळेतल्या बाई आहात, जरा बायकांना समजावून सांगा." मी तो कागद वाचला आणि माझा भ्रमनिरास झाला. रटाळ सरकारी भाषा, त्यात आग नाही, आवाहन नाही. मी ठरवलं की हे आपण नव्याने लिहायचं.

दोन दिवस खपून मी लिहिलं. रोगाविरुद्ध युद्ध, अज्ञानाची बेडी, आळसाचा नायनाट, सगळं आणलं. कंपाउंडात आम्हाला स्वच्छतेचे धडे तोंडपाठ करायला लावत. घाणीत डास वाढतो, लख्ख घरात रोग शिरत नाही. तेच मी वर घातलं. अंगण झाडा, गोठा धुवा, भिंती सारवून स्वच्छ ठेवा. सरकारी कागदात खालच्या बाजूला एक ओळ होती, फवारलेल्या भिंती पुढचे तीन महिने सारवू किंवा रंगवू नयेत अशी. मी त्या ओळीवर अडखळले. ती माझ्या वाक्याच्या थेट विरुद्ध होती. मी काय केलं असेल? कुणाला विचारलं का? सुपरवायझर अजून गावातच होता, दोन आळ्या पलीकडे. मी विचारलं नाही. ती ओळ मला आळशी माणसाच्या सोयीची वाटली. मी ती गाळली.

पत्रकाच्या वीस प्रती मी हाताने काढल्या. पाणवठ्यावर दुपारी बाया धुणं घेऊन बसत, तिथे उभी राहून वाचून दाखवल्या.

"बाई, डासाला वाचता येतं का?" एकीने विचारलं.

"त्याला कशाला? त्याच्या घरमालकिणीला येऊ द्या की," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. माझं वाचन त्यांनी ऐकून घेतलं होतं. ते ऐकलेलं करूनही दाखवणार होत्या, हे मला त्या वेळी कळलं नाही.

आता ती दुपार. भाद्रपद संपत आला होता, घट बसायला पाचेक दिवस राहिले होते. ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. घट बसण्याआधी बाया दसरा काढतात. म्हणजे घरातली प्रत्येक चिंधी नदीवर धुवायची, प्रत्येक भांडं घासायचं, भिंती आढ्यापासून जमिनीपर्यंत सारवायच्या आणि वर पांढऱ्या मातीचा हात द्यायचा. जिचा दसरा निघाला नाही, तिला वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. मी ख्रिस्ती घरातली, आमच्याकडे ही रीत नाही. मला ती फक्त देखणी वाटत होती.

वहिनी घमेल्यात शेण आणि माती कालवून भिंतीसमोर उभी होती. पाच महिन्यांचं पोट, पदर खोचलेला. भिंतीवर पावडरीचे पांढरे ओघळ दिसत होते. तिने हात उचलला आणि तसाच थांबवला.

"बाई, त्यांनी पावडर मारलीय. मंग आता मी सारवू का तशीच ठिवू? म्हंजी औषध जायाचं न्हाई ना?"

मला ठाऊक नव्हतं. हे मला आज लिहिता येतं. तेव्हा माझ्या हातात माझंच पत्रक होतं आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "सारवा. औषध भिंतीत मुरलंय. आणि ही अशी डागाळलेली भिंत ठेवून घट बसवणार का?"

"व्हय, ते बी खरंच," ती म्हणाली आणि तिने पहिला हात मारला.

संध्याकाळपर्यंत सगळी आळी सारवून झाली. ओल्या मातीच्या वासाने मी हरखून गेले. एकच घर राहिलं होतं, कोपऱ्यावरच्या विधवा आत्याचं. तिचा उजवा हात खांद्यातून गेलेला होता, भिंतीपर्यंत पोचत नव्हता. तिने जमीन तेवढी डाव्या हाताने सारवली होती. पाणवठ्यावर बाया तिला म्हणाल्या, "आत्या, तुमच्या देवीला पांढऱ्या कोडाची भिंत लई आवडती जनू." आत्या म्हणाली, "तिला बी एकच हात दिला असता म्हंजी कळलं असतं." मीही तिला चार शब्द सुनावले. स्वच्छतेवर. अपंग बाईला. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरी, तुज्या हातात कागुद हाय म्हून तुजं खरं."

दसरा उलटून दोन दिवस झाले आणि आळीत पहिली घोंगडी बाहेर निघाली. मग दुसऱ्या घरात. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर वहिनी चुलीपुढे भाकरी थापायची सोडून गुडघ्यांत मान घालून बसली होती. परातीत पीठ तसंच होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्या हाडांतली थरथर माझ्या हाताला लागली.

"काय न्हाई बाई, वारं लागलं," ती म्हणाली. आम्हा दोघींनाही ठाऊक होतं की ते वारं नव्हतं.

आबांनी निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी सुपरवायझर आला. त्याने वहिनीच्या बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेतला आणि गोळ्या दिल्या. पाच महिने उलटून गेलेत, दौंडच्या दवाखान्यात न्या, म्हणाला. मग तो घरात गेला आणि त्याने भिंतीवरून अंगठा ओढला. अंगठ्याला शेणमातीची भुकटी लागली. मग तो शेजारच्या दोन घरांत जाऊन आला. शेवटी आत्याच्या घरात. तिथे त्याचा अंगठा पांढरा झाला. आत्याच्या घरात कुणीही आजारी नव्हतं. भिंतीच्या कडेला जमिनीवर मेलेले डास पडले होते. तिने ते रोज झाडून टाकले होते आणि कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं.

सुपरवायझर मला नदीच्या पात्रात घेऊन गेला. पूर ओसरल्यावर खडकांत पाण्याची डबकी राहिली होती. पाणी इतकं नितळ की तळची वाळू मोजता यावी. त्याने पांढऱ्या वाटीत थोडं पाणी घेतलं. बारीक काडीसारखे जीव पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवे पडून होते.

"हे हिवतापाच्या डासाचं पिल्लू. असं आडवं राहतं. आणि मोठा झाला की भिंतीवर शेपूट वर करून बसतो."

"पण हे पाणी तर स्वच्छ आहे," मी म्हणाले.

"त्याला स्वच्छच लागतं, बाई. गटारातला डास वेगळा." मग त्याने मला सगळं समजावलं, लहान मुलाला सांगावं तसं. आजाऱ्याचं रक्त प्यायलेला डास पंधरवड्याभरात दुसऱ्याला आजार द्यायच्या लायकीचा होतो. रक्त पिऊन जड झाला की तो जवळच्या भिंतीवर टेकतो. पावडर त्याच्या पायांना लागते आणि तो तिथेच मरतो, दुसऱ्याला चावायच्या आधी. सगळं त्या भिंतीवर अवलंबून. भिंत सारवली की पावडर मातीखाली गाडली जाते. "ओळ होती की कागदावर," तो म्हणाला. "कुणी सांगितलं यांना सारवायला?"

आम्ही परत आलो होतो. वहिनी ओसरीवर घोंगडीत बसली होती, तिने ते ऐकलं. मी तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं नाही.

"दसरा हाय," वहिनी म्हणाली. "सांगायला कुनी कशाला पायजे?" तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला होडीत घातलं. भीमेला अजून ओढ होती, नावाड्याने वर लांबून होडी घेतली. पलीकडे बैलगाडी, मग स्टेशन, मग दौंड. तिचा नवरा यार्डातून तसाच आला, कपड्यांना कोळशाचा वास. दवाखान्यात तिचा ताप उतरला. डॉक्टर आणि नर्स यांनी करायचं ते सगळं केलं. पण ताप उतरायच्या आधीच तिच्या कळा सुरू झाल्या होत्या. चौथ्या दिवशी मुलगी झाली. ती रडली नाही.

वहिनी वाचली. तिला परत आणल्यावर काही दिवसांनी मी तिच्यासमोर बसले. तो सरकारी कागद आणि माझं पत्रक दोन्ही तिच्यापुढे ठेवली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी गाळलेल्या ओळीवर बोट ठेवून ती वाचून दाखवली. मग दुसऱ्या कागदावर ती नाही, हे दाखवलं.

तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी लावले. मग म्हणाली, "मला ठावं व्हतं. सुपरवायझरनं भिंतीला अंगठा लावला तवाच कळलं." आणि थोड्या वेळाने, "म्या इचारलं तवा तुमी 'मला ठावं न्हाई' एवढंच म्हनला असता, तर म्या थांबले असते. घमेलं तसंच ठिवून आबांना इचारायला धाडलं असतं. एवढंच म्हनायचं व्हतं, बाई."

तिने मला त्यापेक्षा जास्त काही म्हटलं नाही, ना तेव्हा ना नंतर. आबांनीही नाही. मला घरातून काढलंही नाही. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला कित्येक महिने वाटत होतं. आता वाटत नाही. मला हलकं करणं हे तिचं काम नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात मी नवं पत्रक लिहायला बसले, ते वहिनीला समोर बसवून. मी म्हणाले, यंदा दसरा काढू नका असं लिहू का? ती म्हणाली, "तसं लिवलं तर कुनी ऐकायचं न्हाई. घट तर बसनारच." थोडा विचार करून तिने विचारलं, "पावडरवाले कवा येत्यात, ते आधी कळतं का?"

मला ठाऊक नव्हतं, आणि या वेळी मी तसं म्हणाले. टोळी तेव्हा नदीपलीकडे कासुर्डीच्या बाजूला होती. आबा होडीने पलीकडे गेले, तीन गावं पायी पालथी घालून सुपरवायझरला गाठलं आणि आपल्या गावची तारीख घेऊन आले. वहिनीने आळीतल्या बायांना गोळा केलं. भिंती पावडरीच्या आधी सारवायच्या, पांढरी माती द्यायची, वाळू द्यायच्या. मग पावडर. त्यानंतर घट बसेपर्यंत फक्त जमीन सारवायची आणि भांडी-धुणी करायची. भिंतीला तीन महिने हात नाही.

एक सासूबाई म्हणाल्या, "पितरांच्या आदी काढल्याला दसरा शिळा की गं. देवीला शिळ्या घरात बसवायची?"

वहिनी म्हणाली, "भिंत शिळी झाल्याली चालंल, मामी. माजी दोन पोरं नदीकाठी हायेत." आत्याच्या भिंती त्या वर्षी बायांनीच सारवून दिल्या, पावडरीच्या आधी.

त्या वर्षी आळीत ताप आलाच नाही, असं मी लिहिणार नाही. दोघं पडली. एक जण रानात मेंढरांपाशी झोपत होता, तिथे भिंतच नव्हती. दुसऱ्याचं काही सांगता येत नाही. पण शाळेचे पाट भरलेले राहिले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

म्हणून आता मागते. पावसाळा आला आहे. तुमच्या गावात फवारणीवाले कधी येणार, ती तारीख आजच विचारून घ्या, आणि सारवण, पांढरी माती, रंग जे काही करायचं असेल ते त्याच्या आधी उरकून टाका. ते आले की देवाच्या भिंतीसकट सगळ्या भिंती त्यांना मोकळ्या करून द्या आणि मग तीन महिने त्या डागांना हात लावू नका. थंडी भरून ताप आला तर बोटातलं रक्त तपासून घ्या आणि दिलेल्या सगळ्या गोळ्या संपवा. आणि शेजारी जिला वाचता येत नाही, तिला हा कागद वाचून दाखवा. तिचा हात घमेल्यात असेल आणि ती काही विचारेल. उत्तर ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा. तिला थांबायला सांगा, आणि विचारून या.